बंदूक जमा केल्याची पावती

गावच्या घरी देवघराखालच्या खणात एक पत्र्याचा डबा आहे. बिस्किटांचा, वरचं चित्र कधीच पुसून गेलंय. त्यात सातबाऱ्याचे जुने उतारे, आजोबांचा एका काडीचा चष्मा आणि सुतळीनं बांधलेला पावत्यांचा गठ्ठा. या पावत्या पोलिस ठाण्याच्या. शाई बदलते, सही बदलते, मजकूर तोच: अमुक परवानाधारकाची एकनळी ठासणीची बंदूक निवडणुकीच्या कारणास्तव जमा करून घेतली. जुन्या पावत्यांवर जिल्हा रत्नागिरी आहे, कारण सिंधुदुर्ग वेगळा झाला १९८१ साली. लोकसभेची पावती, विधानसभेची पावती, मग पुन्हा लोकसभा. लहानपणी मला वाटायचं की निवडणूक म्हणजे बंदूक बाहेर पडण्याचा सण. गणपतीला मखर खाली उतरतं, तशी निवडणुकीला बंदूक खुंटीवरून उतरायची. बाबा ती जुन्या धोतरात गुंडाळून, एसटीच्या शेवटच्या सीटवर मांडीवर आडवी धरून तालुक्याला घेऊन जायचे.

ही बंदूक शेतीसंरक्षणाची. आजोबांच्या नावाचा परवाना पुढे बाबांच्या नावावर झाला. त्यासाठी सातबारा, तलाठ्याचा दाखला, पोलिसांचा अहवाल, आणि जिल्ह्याच्या कचेरीत किती खेपा ते बाबांनाच ठाऊक. शिवाय २०१९ पर्यंत दर तीन वर्षांनी नूतनीकरण. एवढं करून तिच्यानं एखादं डुक्कर मेल्याचं माझ्या ऐकिवात नाही. नळीत दारू ओतायची, काथ्या गजानं ठासायचा, केप लावायची आणि आभाळाकडे बार काढायचा. आवाजानं रानडुकरं पळतात. एक-दोन रात्रींनी परत येतात.

हे सगळं मी सांगतेय ते व्हर्जिनियातल्या एका निवडणुकीबद्दल लिहायचंय म्हणून.

वॉशिंग्टनच्या पश्चिमेला लाउडन काउंटीत, ॲशबर्नजवळ, आम्ही बरीच वर्षं राहतोय. २०१९ च्या वसंतात मी नागरिकत्वाची शपथ घेतली. म्हणजे माझं अमेरिकेतलं पहिलं मत ५ नोव्हेंबर २०१९ ला, राज्य विधिमंडळाच्या निवडणुकीत पडणार होतं. मैत्रिणी हसल्या. पहिलं मत राष्ट्राध्यक्षाला द्यायचं, ही कसली गल्लीतली निवडणूक! व्हर्जिनियात विधिमंडळाच्या निवडणुका विषम वर्षी येतात. टीव्हीवर गाजावाजा नाही. हाउस ऑफ डेलिगेट्सचे १०० सदस्य दर दोन वर्षांनी निवडायचे आणि सिनेटचे ४० दर चार वर्षांनी. डेलिगेटला वर्षाला १७,६४० डॉलर मिळतात. आमच्या भागात तेवढ्यात पोरांचं पाळणाघरही भागत नाही. सगळे आपापली वकिली, दुकानं, नोकऱ्या सांभाळून हिवाळ्यात दोनेक महिने राज्याच्या राजधानीला, रिचमंडला, जाऊन कायदे करतात. २०१५ च्या अशाच निवडणुकीत नोंदलेल्या मतदारांपैकी जेमतेम २९ टक्के लोकांनी मत दिलं होतं.

आणि बंदूक कोणाला, किती, कुठे, काय तपासून मिळणार, हे बहुतांशी ठरतं ते इथे, या अर्धवेळ मंडळींच्या हातून. वॉशिंग्टनमध्ये भाषणं होतात. कायदा, झाला तर, रिचमंडला होतो.

त्या वर्षी लोकसभेचं मत देऊन बाबा मेच्या सुरुवातीला आमच्याकडे आले. बंदूक मार्चपासून ठाण्यात जमाच होती. निकाल लागून ती सोडवायची वेळ आली तेव्हा हे आमच्या अंगणात खुर्ची टाकून बसलेले. "रवांदे थयच," म्हणाले. "घरात कोण नाय, थय तरी पोलिस आसत राखणेक."

शेजारच्या घरात एक निवृत्त गृहस्थ राहतात. मूळचे राज्याच्या नैर्ऋत्येकडच्या डोंगराळ भागातले. नोकरीसाठी इकडे आले आणि राहिले. दर नोव्हेंबरात हरणांच्या शिकारीला गावी जातात. बाबांचं इंग्रजी शाळामास्तरी, त्यांचं इंग्रजी डोंगरी, तरी दोघांचं मेतकूट जमलं ते जनावरांवरून. आमच्या वसाहतीत हरणं सर्रास अंगणात येऊन फुलझाडं फस्त करतात. बाबांनी रानडुकराची नक्कल करून दाखवली: मुसंडी, नांगरल्यासारखी उकरलेली भातखाचरं, सगळं हातवाऱ्यांनी. मग नळीत दारू ठासण्याची नक्कल केली. शेजाऱ्यांचे डोळे चमकले. आत जाऊन त्यांनी एक लांब बंदूक आणली. ती त्यांच्या आजोबांची. बाबा म्हणाले, माझीही आजोबांचीच, म्हणजे मुलीच्या आजोबांची. दोघांनी ती आलटूनपालटून हातात घेतली, लाकडावरून हात फिरवला. मी खिडकीतून बघत होते आणि वसाहतीतलं कोणी पोलिसांना फोन करेल म्हणून माझा जीव टांगणीला लागला होता. कोणीही केला नाही. इथे त्यात फोन करण्यासारखं काही नव्हतंच.

त्या रात्री बाबांनी विचारलं, "हय बंदूक घेवक काय काय लागता गो?"

मी सांगितलं. दुकानातून घ्यायची तर ओळखपत्र दाखवायचं, एक फॉर्म भरायचा. राज्य पोलिस नोंदी तपासतात, बहुतेकदा काही मिनिटांत उत्तर येतं. खासगी माणसाकडून घेतली तर तेवढंही नाही. शँटिलीला डलस एक्स्पो सेंटर आहे. घरसजावटीचं प्रदर्शन बघायला आम्ही गेलो होतो, तोच हॉल. तिथे वर्षातून काही वेळा बंदुकांचं प्रदर्शन भरतं. टेबल मांडून बसलेला माणूस परवानाधारक दुकानदार नसेल तर त्या काळी त्यानं तुमचं काहीही तपासायची सक्ती नव्हती.

"सातबारो नको?"

"नको."

बाबा बराच वेळ गप्प बसले. मला वाटतं त्यांना हेवा वाटत होता.

३१ मे चा शुक्रवार होता. व्हर्जिनिया बीचच्या महापालिकेच्या इमारतीत दुपारी चारनंतर तिथल्याच एका अभियंत्यानं १२ जणांना मारलं. अकरा पालिकेचे कर्मचारी, एक परवान्याच्या कामासाठी आलेला कंत्राटदार. बंदुकीला आवाज दाबणारी नळी लावलेली होती, त्यामुळे कित्येकांना आधी कळलंच नाही काय चाललंय ते. मी कामावरून आले तर बाबा टीव्हीसमोर उभे. त्यांनी एवढंच विचारलं, "आवाज येवचो नाय, अशी बंदूक कशाक करतत?" ज्यांची बंदूक उभा जन्म फक्त आवाजासाठी वापरली गेली, त्यांचा हा प्रश्न. मला त्याचं उत्तर देता आलं नाही.

व्हर्जिनियाला हे नवं नव्हतं. १६ एप्रिल २००७ ला व्हर्जिनिया टेक विद्यापीठात ३२ जण मारले गेले. त्यांत तमिळनाडूतून आलेले एक प्राध्यापक होते आणि मुंबईहून आर्किटेक्चर शिकायला आलेली एक मुलगी. मी तेव्हा पुण्यात होते, व्हिसाच्या तयारीत. आई म्हणाली होती, त्या राज्यात नको जाऊस हं. मी त्याच राज्यात आले. त्या हत्याकांडानंतर मानसिक आजाराच्या नोंदींतली एक फट गव्हर्नरनी आदेश काढून बुजवली, पण प्रदर्शनातल्या खासगी विक्रीवर तपासणी आणणारं विधेयक पुढच्या अधिवेशनात पडलं. उलट २०१२ मध्ये एक जुना कायदा काढून टाकला. महिन्याला एकच पिस्तूल विकत घेता येईल, असा १९९३ चा नियम होता. इथल्या दुकानांतून घाऊक घेतलेली पिस्तुलं आय-९५ महामार्गानं न्यूयॉर्कपर्यंत जातात, म्हणून तो केलेला. एकोणीस वर्षं चालला आणि गेला.

व्हर्जिनिया बीचनंतर डेमोक्रॅट गव्हर्नर राल्फ नॉर्थम यांनी ९ जुलैला विधिमंडळाचं खास अधिवेशन बोलावलं. दोन्ही सभागृहांत रिपब्लिकनांचं काठावरचं बहुमत होतं. बंदूकवाल्यांची राष्ट्रीय संघटना, एनआरए, हिचं मुख्यालय आमच्या शेजारच्याच फेअरफॅक्समध्ये, आय-६६ च्या कडेला. तिची माणसं सकाळपासून रिचमंडला होती. गंमत म्हणजे सिनेटमधले रिपब्लिकनांचे नेते टॉमी नॉरमेंट यांनी आदल्या दिवशी सरकारी इमारतींत बंदुकांवर बंदी घालणारं विधेयक स्वतःच मांडलं होतं. त्यांच्याच पक्षात एवढा गहजब झाला की दुसऱ्या दिवशी त्यांनी ते स्वतःच मागे घेतलं. एकूण एकाही विधेयकावर चर्चा न होता सगळा गठ्ठा एका आयोगाकडे अभ्यासाला गेला आणि अधिवेशन १८ नोव्हेंबरपर्यंत तहकूब झालं. म्हणजे निवडणूक आटोपल्यावर. सगळा कार्यक्रम ९० मिनिटांचा. त्याच महिन्यात या विधिमंडळाला ४०० वर्षं पूर्ण झाल्याचा सोहळा होता. १६१९ च्या जुलैत जेम्सटाउनच्या चर्चमध्ये पहिली सभा भरली होती. चारशे वर्षांचा वाढदिवस आणि दीड तासाचं काम. बातमी मराठीत ऐकवली तेव्हा बाबा म्हणाले, आमची ग्रामसभा याच्यापेक्षा जास्त वेळ चालते, आणि तिथे चहाही असतो.

त्या तहकुबीमागे एक चिनी मातीचं भांडं होतं, हे मला नंतर कळलं.

२०१७ च्या निवडणुकीत न्यूपोर्ट न्यूजच्या ९४ क्रमांकाच्या मतदारसंघात रिपब्लिकन डेव्हिड यान्सी पहिल्या मोजणीत दहा मतांनी पुढे होते. फेरमोजणीत डेमोक्रॅट शेली सायमन्ड्स एका मतानं जिंकल्या. मग न्यायाधीशांसमोर एक मतपत्रिका आली. मतदारानं दोघांचेही गोल भरले होते आणि एकावर तिरकी रेघ मारली होती. ते मत यान्सींना धरलं गेलं आणि दोघांची ११,६०८ वर बरोबरी झाली. ४ जानेवारी २०१८ ला रिचमंडमध्ये दोन नावांच्या चिठ्ठ्या फिल्मच्या रिकाम्या डब्यांत घालून एका निळ्या-पांढऱ्या वाडग्यात टाकल्या आणि एक उचलली. यान्सी. त्या चिठ्ठीनं रिपब्लिकनांना ५१ विरुद्ध ४९ असं बहुमत मिळालं. चिठ्ठी दुसरी निघती तर ५०-५०, आणि मग ९ जुलैला तहकुबी एवढी सुखासुखी झाली नसती. तसं आपल्याला चिठ्ठीचं नवल नाही. त्याच २०१७ च्या फेब्रुवारीत मुंबई महापालिकेच्या २२० क्रमांकाच्या प्रभागात समसमान मतं पडून चिठ्ठीच काढावी लागली होती. पण त्या चिठ्ठीवर कोणाच्या वर्गाच्या दाराची कडी अवलंबून नव्हती.

वर्गाच्या दाराचं म्हटलं ते उगाच नाही. बाबा होते तेव्हा माझी लेक पहिलीत होती. जूनच्या सुट्टीत आजोबा-नात लपाछपी खेळायचे. एका दुपारी बाबा घाबरेघुबरे होऊन माझ्याकडे आले, पोरगी सापडत नाही म्हणून. आम्ही सगळं घर पालथं घातलं. हाका मारल्या, आइस्क्रीमचं आमिष दाखवलं. शेवटी ती सापडली कोटांच्या कपाटात, भिंतीला पाठ लावून, गुडघे छातीशी घेऊन, दोन्ही हात तोंडावर. तिला शिंक आली होती आणि तिनं ती दाबून धरली होती, म्हणून डोळ्यांत पाणी. विजयी मुद्रेनं म्हणाली, "शाळेत मीच सगळ्यात शांत असते." शाळेत बंदूकधारी शिरला तर काय करायचं याचा, म्हणजे लॉकडाउनचा, सराव होतो. दिवे बंद, दाराला कडी, सगळ्यांनी दारातून दिसणार नाही अशा कोपऱ्यात बसायचं. हाक आली तरी उठायचं नाही, ओळखीचा आवाज असला तरी.

बाबांनी त्यानंतर लपाछपी खेळणं सोडलं. तिला पत्ते शिकवले.

जायच्या आधी त्यांना एनआरएच्या मुख्यालयातलं बंदुकांचं संग्रहालय दाखवलं. फुकट आहे. मेफ्लॉवर जहाजातून आलेली म्हणून मांडलेली एक बंदूक तिथे आहे, पुढे दालनांमागून दालनं. बाबा रमले. एका ठासणीच्या बंदुकीपुढे थबकून चष्मा पुसत मला म्हणाले, "ही बघ, आपली." मी तिथल्या पाट्या वाचत होते. त्यांत हक्क हा शब्द पुन्हा पुन्हा येत होता. या मातीत तो शब्द फार खोल रुजलेला आहे, हे मान्य करायला हवं. १७७६ साली जॉर्ज मेसननं व्हर्जिनियाच्या हक्कांच्या जाहीरनाम्यात शस्त्र चालवायला शिकलेल्या सामान्य लोकांच्या फौजेची गोष्ट लिहिली. पुढे व्हर्जिनियाच्याच जेम्स मॅडिसननं देशाच्या घटनेत शस्त्र बाळगण्याच्या हक्काची दुसरी दुरुस्ती आणली. शेजाऱ्यांना बंदूक आजोबांकडून मिळाली ती घड्याळ मिळावं तशी. बाबांना मिळाली ती सरकारची ठेव म्हणून, मागितली की नेऊन द्यायची. बाबांच्या मनात कधी आलंच नाही की हे नाकारता येतं. शेजाऱ्यांच्या मनात कधी आलं नाही की कोणी मागू शकतं. मी या दोघांच्या मधल्या कुंपणाशी उभी, आणि मला दोघांचंही कळत होतं. हे काही फार सुखाचं नसतं.

बाबा गणपतीआधी परतले. गौरी-गणपती आटोपल्यावर ठाण्यातून बंदूक सोडवून आणली, खोबरेल लावून पुसली, खुंटीवर टांगली. २१ सप्टेंबरला विधानसभेची आचारसंहिता लागली. परत धोतर, परत एसटी, परत पावती. फोनवर चिडलेले होते. मतदान २१ ऑक्टोबरला, म्हणजे ऐन भातकापणीत. "बंदूक ठाण्यात आणि डुकरां शेतात. तारीख काय डुकरांक इचारून ठरवल्यानी काय?"

इकडे त्याच आठवड्यांत आमच्या दारावर माणसं येऊ लागली होती. एका शनिवारी लाल टी-शर्टातल्या दोन बायका आल्या. आयांची चळवळ म्हणून ओळखली जाणारी संघटना होती. त्यांतली एक तेलुगू निघाली. तिनं पत्रकं हातात ठेवली आणि मग पंधरा मिनिटं आम्ही शाळेच्या सरावाबद्दलच बोललो. डेमोक्रॅट लोक एके काळी व्हर्जिनियात बंदुकीचा विषय निघाला की चुळबुळत, शिकारीच्या टोप्या घालून फोटो काढत. त्या वर्षी ते दारोदार तोच विषय घेऊन आले. बंदूक नियंत्रणवाल्या एव्हरीटाउन या संघटनेनं व्हर्जिनियात सुमारे २५ लाख डॉलर ओतले, आणि घरचीच असलेली एनआरए खर्चात कितीतरी मागे राहिली. ब्लॅक्सबर्गकडून डेमोक्रॅट ख्रिस हर्स्ट पुन्हा उभे होते. ते पूर्वी टीव्हीवर बातम्या द्यायचे. २०१५ मध्ये त्यांची पत्रकार मैत्रीण थेट प्रक्षेपण चालू असताना गोळ्या घालून मारली गेली. रिचमंडच्या उपनगरात सिनेटसाठी गझाला हाश्मी होत्या, मूळ हैदराबादच्या, कॉलेजात शिकवणाऱ्या. आमच्याकडून हाउससाठी सुहास सुब्रमण्यम. त्यांच्या नावाचा उच्चार इथल्या कार्यकर्त्यांना करता येईना, म्हणून आमची बायकांची भिशी फार खुशीत होती.

सगळं एका सुरात नव्हतं. भिशीतल्याच एकीच्या नवऱ्यानं त्या वर्षी पिस्तूल घेतलं. भारतीयांच्या घरी सोनं असतं हे चोरांना माहीत झालंय, त्यांच्या रस्त्यावर एक घर फुटलं होतं. तो म्हणाला, तुझ्या मुलीचा सराव तुला आठवतो, मला माझ्या बायकोचं मंगळसूत्र. कोणी काही बोललं नाही. पुरणपोळ्या गार होत होत्या. मला त्याचं म्हणणं पटलं नाही, पण हास्यास्पदही वाटलं नाही, आणि आजही वाटत नाही.

५ नोव्हेंबर. मतदान आमच्या जवळच्या कम्युनिटी सेंटरात. सकाळची थंडी, हातात कॉफी, चाळीस फुटांच्या रेषेबाहेर दोन्ही पक्षांचे नमुना मतपत्रिका वाटणारे लोक, आणि रांगेत माझ्या पुढे एक चाळिशीचा माणूस. जीन्स, जाकीट, कमरेला चामडी म्यान, त्यात पिस्तूल. उघड. व्हर्जिनियात ते चालत होतं, मतदान केंद्रातसुद्धा. शाळेत केंद्र असलं तरच नाही. माणूस साधा होता. त्यानं माझ्यासाठी दार धरलं. माझं लक्ष मात्र त्या म्यानाच्या बटणावरून हटेना. मला बाबांचं धोतरात गुंडाळलेलं लांबुडकं बोचकं आठवलं. माझ्या डोक्यात निवडणूक आणि बंदूक एका खोलीत मावतच नव्हती. कागदाची मतपत्रिका, काळे करायचे गोल, मग यंत्राच्या तोंडात सरकवायची. तिरकी रेघ कुठे चुकून पडली नाही ना, हे मी तीनदा पाहिलं.

रात्री निकाल आला. हाउसमध्ये डेमोक्रॅट ५५, रिपब्लिकन ४५. सिनेट २१-१९. मतदान ४२ टक्क्यांवर गेलं होतं. दोन्ही सभागृहं आणि गव्हर्नर डेमोक्रॅटांकडे, हे १९९३ नंतर प्रथमच. हाश्मी व्हर्जिनियाच्या सिनेटमधल्या पहिल्या मुस्लिम महिला ठरल्या. सुब्रमण्यम जिंकले. वाडग्यातून हरलेल्या सायमन्ड्सही या वेळी जिंकल्या, चिठ्ठीविना. हे सगळं बंदुकीनं घडवलं असं म्हणणारे पुष्कळ, पण मला ते जरा ओढूनताणून वाटतं. कोर्टानं वंशभेदी आखणीचा ठपका ठेवून हाउसचे २५ मतदारसंघ नव्यानं आखायला लावले होते. उपनगरं ट्रम्पना कंटाळली होती. पण दारावर आलेल्या त्या दोघी मी विसरू शकत नाही. त्या ट्रम्पचं नाव एकदाही घेत नव्हत्या. १८ नोव्हेंबरला तहकूब अधिवेशन भरलं. आयोगाच्या अहवालात काहीच शिफारस नव्हती आणि सभा लगेच उठली. जुनी माणसं सामान आवरत होती.

मग शेजारी बोलेनासे झाले. भांडण नाही, नुसतं बोलणं आटलं. कारण कळायला वेळ लागला नाही. निकालानंतरच्या आठवड्यांत राज्यातल्या शंभरावर काउंट्यांनी आणि गावांनी ठराव केले की आम्ही दुसऱ्या दुरुस्तीची अभयक्षेत्रं आहोत, असले कायदे आमच्याकडे चालणार नाहीत. त्यांच्या डोंगराकडच्या काउंट्या आघाडीवर. २० जानेवारी २०२० ला, मार्टिन लूथर किंग यांच्या जयंतीच्या सुट्टीला, रिचमंडला सुमारे २२ हजार लोक जमले. नॉर्थमनी आणीबाणी जाहीर करून विधिमंडळाच्या आवारात बंदुकांना बंदी घातली. म्हणून सहा हजारांच्या आसपास लोक आत निःशस्त्र आणि बाकीचे बाहेर रस्त्यावर रायफली घेऊन. चार दिवस आधी तिथे रक्तपाताचा बेत करणाऱ्या नवनाझी टोळीतल्या तिघांना एफबीआयनं पकडलं होतं, त्यामुळे दिवसभर मी फोन हातातून खाली ठेवला नाही. शेजारी पहाटेच गाडी काढून गेले होते. काही झालं नाही. अटक एक, तीही तोंड झाकल्याबद्दल एका बाईला. संध्याकाळी ते परतले. कोटावर नारिंगी गोल स्टिकर, बंदुका जीव वाचवतात असं सांगणारा. मी कचऱ्याचा डबा बाहेर काढत होते. त्यांनी स्वतःहून सांगितलं, आम्ही जाताना रस्ता झाडून निघालो. मग विचारलं, वडील कसे आहेत. मी म्हटलं, बरे आहेत. डुकरांचं काय? मी म्हटलं, बंदूक निवडणुकीत जमा होती, या वर्षी भात बरंच गेलं. ते माझ्याकडे बघत राहिले. "जमा? कोणाकडे?" मी समजावलं. त्यांचा चेहरा असा झाला की जणू माझ्या बापाला कोणी मारलंय. "असंच होतं बघ," एवढं बोलून ते आत गेले.

माझं उदाहरण त्यांच्या बाजूनं इतकं चपखल बसलं, याचा मला राग आला. कोणावर ते ठरवता येईना.

१ जुलै २०२० पासून कायदे लागू झाले. खासगी विक्रीलाही तपासणी. महिन्याला एकच पिस्तूल, परत. बंदूक हरवली तर ४८ तासांत कळवायचं. ज्याच्यापासून त्याला स्वतःला किंवा दुसऱ्याला धोका आहे, त्याची बंदूक कोर्टाच्या आदेशानं काही काळ काढून घेता येईल. आणि व्हर्जिनिया बीचसारख्या पालिकांना आपल्या इमारतींत बंदी घालायची मुभा. लष्करी पद्धतीच्या रायफलींवरची बंदी मात्र सिनेटच्या समितीत अडली. चार डेमोक्रॅट रिपब्लिकनांबरोबर गेले. त्यांतले फेअरफॅक्सचे चॅप पीटरसन तीन वर्षांनी पक्षांतर्गत निवडणुकीत हरले. त्यांच्याविरुद्धच्या प्रचारात ते मत पुन्हा पुन्हा उगाळलं गेलं.

पुढचं हिंदोळ्यासारखं. २०२१ मध्ये रिपब्लिकन ग्लेन यंगकिन गव्हर्नर म्हणून निवडून आले, हाउस रिपब्लिकनांकडे गेलं. २०२३ मध्ये डेमोक्रॅटांकडे परत आलं. २०२४ मध्ये रायफलबंदी दोन्ही सभागृहांत संमत झाली आणि यंगकिननी इतर डझनावारी बंदूकविधेयकांबरोबर तिच्यावर नकाराधिकार वापरला. २०२५ च्या नोव्हेंबरात डेमोक्रॅट ॲबिगेल स्पॅनबर्गर गव्हर्नर म्हणून आणि हैदराबादच्या हाश्मी लेफ्टनंट गव्हर्नर म्हणून निवडून आल्या. प्रत्येक वेळी दारावर कोणीतरी येतं. लेक आता मोठ्या शाळेत आहे, सराव अजून आहेत. आताशा ती त्याबद्दल काही सांगत नाही.

मधली एक गोष्ट राहिली. २०२१ च्या जुलैपासून मतदान केंद्राच्या चाळीस फुटांत बंदूक बाळगायला मनाई झाली. त्या नोव्हेंबरात मी त्याच कम्युनिटी सेंटरला गेले तेव्हा दारावर तसा कागद चिकटवलेला होता. दाराच्या काचेवर, थोडा तिरका, चारही कोपऱ्यांना पारदर्शक टेप. मी फोटो काढून बाबांना पाठवला आणि खाली मराठीत अर्थ लिहिला. त्यांचा थोड्याच वेळात फोन आला.

"चाळीस फुटांच्या भायर ठेवची?"

"हो."

"खंय?"

"गाडीत, बाबा. किंवा घरी."

पलीकडे डब्याचं झाकण उघडल्यासारखा आवाज आला. खरंच होता की मला वाटला, कोण जाणे.

"मग पावती कोण देता?"